तटाच्या आत आणि तटाच्या बाहेर

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त वडिवळे येथे भरलेल्या सभेतील भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी आम्हांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली, ती आम्ही नम्रपणे शिरोधार्य मानतो. उपदेश करण्याचा अधिकार आमचा नव्हे. तो येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांचा. आम्ही केवळ एका प्रवासाची हकीकत सांगणार आहोत, आणि त्या प्रवासाने आमच्या मनात जो पालट झाला तो आपल्यापुढे उघड करणार आहोत.

आपणांस ठाऊकच आहे की, ज्युबिलीची वर्गणी जमू लागल्यापासून आपल्यात एक प्रश्न घोळत आहे. चर्चचा दर्शनी भाग उंच करावा आणि देणगीदारांची नावे संगमरवरी पाटीवर कोरून ती दाराशी बसवावी, असे काहींचे म्हणणे. मुलांच्या धर्मशिक्षणासाठी व अभ्यासासाठी एक चांगली खोली बांधावी, असे दुसऱ्यांचे. दोन्हीकडे भली माणसे आहेत; तरी गेल्या काही महिन्यांत शब्दाने शब्द वाढला आणि मिस्सा आटोपल्यावर एकमेकांस न भेटताच घरी जाण्यापर्यंत गोष्ट गेली. खरे सांगावयाचे तर आम्ही स्वतः पाटीच्या पक्षाचे होतो. अशा मनःस्थितीत आम्ही तीसेक जण वसईचा जुना किल्ला पाहण्यास निघालो. पोर्तुगीज अमदानीतील ती भव्य चर्चे पाहावी, त्यांचे एखादे चित्र आणावे आणि त्या धर्तीवर आपल्या चर्चचा दर्शनी भाग बांधावा, हा आमचा अंतस्थ हेतू होता.

कामशेतला गाडीत बसलो तेव्हा पहाट होती. मळवलीच्या सुमारास उजाडू लागले आणि कार्ल्याचा डोंगर दिसला. आमच्याबरोबर शाळेत शिकवणारा एक तरुण होता. तो म्हणाला, ‘‘आपण वसईला पहिल्यांदाच जात आहोत असे समजू नका. तिकडची माणसे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे येऊन गेलेली आहेत.’’ मग त्याने सांगितले की, कार्ल्याच्या चैत्यातील एका खांबावर सोपाऱ्याहून आलेल्या एका बौद्ध भिक्षूच्या दानाचा लेख आहे. आणि त्याच लेण्यातील दुसऱ्या एका लेखात ‘मामाल’ असे नाव येते, तेच आपले मावळ. सोपारे हे वसईच्या शेजारचे प्राचीन बंदर. घाटमाथ्यावरून मालाचे तांडे उतरत ते कोकणच्या बंदरांकडे, आणि त्याच वाटांनी भिक्षू वर येत. आम्ही जन्मभर ज्या डोंगराकडे पाहत आलो, त्यावर आमच्याच मुलखाचे नाव कोरलेले आहे, हे आमच्यापैकी बहुतेकांस त्या दिवशी प्रथमच कळले.

कल्याण, दादर असे करीत आम्ही प्रथम नालासोपाऱ्यास उतरलो. तेथे आम्हांस वाट दाखविण्यासाठी वसईचे एक निवृत्त शिक्षक आले होते. त्यांचे नाव आम्ही येथे घेत नाही, कारण त्यांनीच तशी विनंती केली. आम्ही सारे त्यांना ‘मास्तर’ म्हणत होतो. मास्तरांनी आम्हांस किल्ल्याऐवजी आधी एका मातीच्या टेकाडापाशी नेले. लोक त्याला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणले, तेव्हा आत विटांचा स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटात दगडी पेटी, त्या पेटीत एकात एक ठेवलेले करंडे, आणि सर्वांत आतल्या सोन्याच्या करंड्यात काय, तर मातीच्या भांड्याचे काही तुकडे! भगवान बुद्धाच्या भिक्षापात्राचे ते तुकडे, अशा भावनेने ते तेथे जतन केले होते. त्याच वर्षी सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आज्ञालेखाचा एक तुकडाही सापडला.

मास्तर म्हणाले, ‘‘किल्ला पाहण्याआधी हे पाहून घ्या. पोर्तुगीज येण्यापूर्वी ही भूमी ओसाड नव्हती. येथे देवभक्त माणसे होती, नगर होते, व्यापार होता.’’ जगाच्या दुसऱ्या टोकासही त्याच काळात असेच घडत होते, असे त्यांनी सांगितले. मेक्सिको देशात १५४२ साली स्पॅनिश लोकांनी मेरिदा नावाचे शहर वसविले, ते माया लोकांच्या जुन्या नगराच्या जागी. आणि माया मंदिरांचे दगड काढून तेथील कॅथेड्रल उभे केले. नवे नगर जुन्याच्या छातीवर उभे राहते. पाहणाऱ्याने दोन्हींकडे पाहावे, असे त्यांचे म्हणणे.

तेथून आम्ही वसईस आलो. जमिनीकडील दरवाजातून आत शिरलो तेव्हा ऊन चढले होते. आत शहर म्हणून काही उरलेले नाही. ताडांची गर्दी, वडाच्या मुळांनी आवळलेल्या भिंती, मधून जाणारा जेट्टीचा रस्ता, आणि झाडांच्या वर डोकावणारी बिनछपराची चर्चे. भोवतालच्या तटाला दहा बुरूज आहेत. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ च्या डिसेंबरात वसई व तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीजांना तहाने दिला. गव्हर्नर नुनो द कुन्हा याच्या काळात येथे बांधकाम सुरू झाले, आणि पुढे दोनशे वर्षे हे नगर पोर्तुगीजांच्या ‘उत्तर प्रांता’ची राजधानी होते. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा संघांचे मठ व चर्चे या एवढ्याशा जागेत उभी राहिली. येथला दगड इतका नावाजलेला की, गोव्यात ज्या बॉम जेझूस चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांचे शरीर आहे, त्या चर्चच्या दर्शनी भागासाठी तो वसईहून गेला.

मास्तरांनी आम्हांस प्रथम जेझुइटांच्या चर्चपाशी नेले. त्याचा दर्शनी भाग पिवळसर दगडाचा, खांब नक्षीदार. तो पाहताच आमच्यातील एकाने वही काढून रेखाटन करण्यास सुरुवात केली. संत फ्रान्सिस झेवियर स्वतः वसईस आले होते, आणि त्यांच्याच सूचनेवरून १५४८ साली जेझुइटांचे काम येथे सुरू झाले. आत इझाबेल द आगियार नावाच्या एका विधवा बाईची समाधी आहे. तिने येथल्या कॉलेजला साहाय्य केले. १५९१ च्या जानेवारीत ती वारली. दात्याचे नाव चारशे वर्षांनीही शिलेवर वाचता येते, हे पाहून पाटीच्या पक्षाचे आम्ही एकमेकांकडे अर्थपूर्ण दृष्टीने पाहिले, हे कबूल केले पाहिजे.

तेथून फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये गेलो. हे चर्च संत अंतोनीचे. छप्पर नाही, आकाशाखाली फरसबंदी पसरलेली, आणि ती फरसबंदी म्हणजे थडग्यांच्या शिलाच. कोठे घराण्याची ढाल कोरलेली, कोठे सरदाराचे नाव, कोठे त्याच्या पत्नीचे व वारसांचे. पावसाळ्यातील शेवाळ वाळून अक्षरांत बसलेले. मास्तर एकेक शिला वाचून अर्थ सांगत होते आणि आम्ही जपून, पाय चुकवीत, मागे चालत होतो.

आमच्याबरोबर आपल्या धर्मग्रामातील एक वृद्ध माउली होती. आज ती पहिल्या रांगेत बसली आहे, म्हणून नाव घेत नाही. वर्गणीत तिने आपल्या शेळीचे पैसे दिले आहेत, हे आपल्यातील थोड्यांनाच ठाऊक असेल. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, ‘‘मास्तर, ह्यात आपल्या माणसाचं नाव कुठं हाय?’’

मास्तर थांबले. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, ‘‘आजी, मी कित्येक वर्षे या शिला वाचतो आहे. तुम्ही म्हणता तसे नाव मला अजून सापडलेले नाही.’’

‘‘मग ह्ये दगूड आनलं कुनी?’’

या प्रश्नावर कोणीच काही बोलले नाही. दगड फोडणारे, चुना भाजणारे, खांद्यावर भार वाहणारे, विहिरी खणणारे हात या भूमीतलेच असले पाहिजेत. त्यांपैकी एकाचेही नाव त्या फरशीवर नव्हते. मास्तरांनी सांगितले की, १६७५ च्या सुमारास जॉन फ्रायर नावाचा इंग्रज प्रवासी येथे आला, त्याने लिहून ठेवले आहे की तटाच्या आत घर करण्याची मुभा फक्त ख्रिस्ती लोकांस होती. वाण्यांना बाहेरच्या वस्तीत राहावे लागे. तट शत्रूला अडविण्यासाठी होता, तसा शेजाऱ्याला वेगळे ठेवण्यासाठीही होता. त्या राज्यात देवळे पाडली गेली, लोकांवर सक्तीही झाली, हे मास्तरांनी लपविले नाही. आणि ख्रिस्ताचे नाव सांगणाऱ्यांनी ते लपवू नये, असेही ते म्हणाले. ज्या प्रभूने तलवार म्यानात घालण्यास पेत्राला सांगितले, त्याच्या नावाने दुसऱ्याच्या देवघराला हात लागला, याबद्दल आपण आजही मान खाली घातली पाहिजे.

पुढे आम्ही मुख्य चर्चपाशी गेलो. हे संत योसेफाचे; याला ‘मात्रिझ’ म्हणत. दारावरील लेखात १६०१ हे वर्ष आणि आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांचे नाव आहे. त्या साली या चर्चचा जीर्णोद्धार झाला. मनोऱ्याच्या पायथ्याशी उभे राहून मास्तरांनी या नगराचा शेवट सांगितला. १६१८ च्या मे महिन्यात मोठे तुफान होऊन घरांची व चर्चांची छपरे उडाली. पण त्यातून नगर सावरले. मग १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने वेढा दिला. सुरुंग उडाले, बुरूज ढासळले, दोन्ही बाजूंची शेकडो माणसे पडली. मे महिन्यात किल्ला शरण आला. चिमाजी अप्पांनी शत्रूच्या शिपायांना हत्यारांनिशी सन्मानाने जाऊ दिले, निघून जाण्यास दिवसांची मुदत दिली, आणि जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांच्या धर्माचरणासाठी काही चर्चे राहू द्यावीत, हेही तहात मान्य केले. जिंकणाऱ्याचे हे औदार्य आम्हां ख्रिस्ती लोकांनी विसरू नये.

चर्चांच्या घंटा मात्र सह्याद्री चढून वर आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा, वाईजवळच्या मेणवलीची घंटा आणि आपल्या मावळाच्या उत्तरेस भीमाशंकरी असलेली घंटा, या वसईच्या मोहिमेतल्याच, असे सांगतात. हे ऐकताच आमच्यातील दोघे-तिघे चपापले. भीमाशंकरची ती घंटा त्यांनी लहानपणी शेजाऱ्यांबरोबर यात्रेस गेले असता आपल्या हातांनी वाजविली होती. तिचा नाद मिस्सेसाठी घडविलेला, आणि आज ती महादेवापुढे वाजते. आम्हांस त्याचे वाईट वाटले का? तेव्हा क्षणभर वाटले. पण प्रार्थनेला बोलाविणे हेच घंटेचे काम. ते ती अजून करीत आहे.

त्यानंतर १७८० साली किल्ला इंग्रजांनी घेतला. १८०२ साली दुसऱ्या बाजीरावाचा प्रसिद्ध तह याच वसईत झाला. एकोणिसाव्या शतकात येथल्या एका चर्चमध्ये काही काळ साखरेचा कारखानाही चालला. सरदारांचे वाडे गेले, पालख्या गेल्या, मठ गेले. आज किल्ला पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखाली आहे.

आम्ही समुद्राकडील दरवाजातून बाहेर पडलो. कोळ्यांच्या होड्या लागलेल्या होत्या, बांबूंवर बोंबील वाळत होते. रेखाटनाची वही ज्याच्याकडे होती, त्याने ती केव्हाच पिशवीत टाकली होती. आमचे मन खिन्न झाले होते. दोनशे वर्षांच्या धर्मकार्याचे फळ म्हणजे या बिनछपराच्या भिंतीच काय, असे कोणीतरी बोलून दाखविले. मास्तर हसले. म्हणाले, ‘‘तुम्ही अजून वसई पाहिलीच नाही. चला.’’

त्यांनी आम्हांस तटाबाहेरील गावांत नेले. पापडी, सांडोर, रमेदी, निर्मळ, नंदाखाल अशी ती गावे. केळीच्या व फुलांच्या वाड्या, आणि वाडीवाडीत क्रूस. प्रत्येक गावी चर्च, आणि त्या चर्चात माणसांची गर्दी. मास्तरांच्या ओळखीच्या एका घरी आम्ही ओटीवर बसलो. घरच्या वृद्ध बाईंनी आमच्यापुढे सुकेळी आणि पाणी ठेवले. आमच्या माउलीने त्यांना त्यांच्या घराण्याविषयी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या की, पूर्वी चाळिसांत संध्याकाळी घरोघर ख्रिस्तपुराण गात. फादर थॉमस स्टीफन्स यांनी रचलेले हे मराठी पुराण १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापून निघाले. रचणारा इंग्रज, छापणारे पोर्तुगीज अमलातले. पण कंठ, ओवी आणि भाषा आमची.

मास्तरांनी तेव्हा जे सांगितले ते आम्ही कधी विसरणार नाही. १७३९ साली जे तटाच्या आत होते ते जहाजांत बसून निघून गेले. जे तटाबाहेर होते त्यांना जाण्यास दुसरा देश नव्हता. युरोपीय धर्मगुरू गेले. देशी धर्मगुरूंनी जमेल तसा मिस्सा चालू ठेवला. धर्मगुरू नसेल तेथे आयांनी मुलांना क्रूसाची खूण व ‘आमच्या स्वर्गातील बापा’ शिकविले, म्हाताऱ्यांनी जपमाळ सांगितली. राज्य बदलले, पुन्हा बदलले. श्रद्धेला आता सरकारचा आधार नव्हता आणि तिच्यापासून काही लाभही नव्हता. तरी ती टिकली. तटाच्या आतले लोक तिचे मालक होते असे दिसत होते. तिची खरी वारस मात्र ओटीवरची ती आई निघाली.

या तटाबाहेरच्या वसईने पुढे काय दिले, तेही पाहा. संत गोन्सालो गार्सिया याचे नाव आपण जाणता. बाप पोर्तुगीज, आई येथलीच. तो जेझुइट फादरांच्या शाळेत शिकला, त्यांच्याबरोबर जपानला गेला, तेथली भाषा शिकला. परंतु त्यांच्या संघात जाण्याची त्याची इच्छा फळास आली नाही. त्याने व्यापार केला, आणि पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात साधा ब्रदर झाला. त्याच जपानी भाषेमुळे तो दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह क्रूसावर हुतात्मा झाला. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्याला संतपद दिले. भारतात जन्मलेला हा पहिला संत. किल्ल्यातील जेझुइटांच्या त्या चर्चमध्ये आज कोणा सरदारासाठी लोक जमत नाहीत; ते जमतात याच्या सणाला.

आणि आमच्या काळात? १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे याच भूमीचे पुत्र; तेच २००९ साली पुण्याचे बिशप होऊन आपल्याकडे आले. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद ज्यांनी भूषविले, ते दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हेही वसईचेच. ही माणसे गावच्या शाळेतून, धर्मशिक्षणाच्या वर्गातून आणि आईच्या मांडीवरून आली.

बंधुभगिनींनो, परतीच्या गाडीत आम्ही फारसे बोललो नाही. खंडाळ्याच्या बोगद्यांत गाडी शिरली तेव्हा माउली एवढेच म्हणाली, ‘‘आपल्या पाटीवर माझं नाव घालू नका. मला लिवता-वाचता येत न्हाई. मी ते वळखायची कशी?’’

या एका वाक्यापुढे आमचा सगळा युक्तिवाद संपला. जिला आपले स्वतःचे नाव वाचता येत नाही, तिच्या शेळीच्या पैशातून आम्ही तिचे नाव कोरणार होतो; आणि तिच्या नातवंडांनी मात्र दिव्याखाली दाटीवाटीने बसून अभ्यास करावयाचा होता! धर्मग्रामाची अवस्था आम्ही तटासारखी करीत होतो: कोण आत, कोण बाहेर, कोणाचे नाव वर, कोणाचे खाली.

आम्ही सुंदर चर्चच्या विरुद्ध नाही. जेझुइटांच्या त्या दर्शनी भागाने आमचे डोळे निवले, हे खोटे कसे म्हणावे? देवाचे घर नीटनेटके व शोभिवंत असावेच. पण आधी खोली बांधावी, मग उरेल त्यातून शोभा करावी. आणि पाटी लावावयाचीच झाली तर तिच्यावर एकच ओळ असावी की, हे या धर्मग्रामातील सर्वांनी मिळून बांधले. तिच्या खाली जागा मोकळी सोडावी, म्हणजे पुढे येणाऱ्यांसही ती आपली वाटेल. निर्णय सभेचा आहे. आम्ही केवळ आमचे मत बदलले आहे, आणि ज्यांच्याशी आम्ही तावातावाने बोललो त्यांची या सर्वांसमक्ष क्षमा मागतो.

सोपाऱ्याच्या स्तूपात सोन्याच्या करंड्यात मातीचे तुकडे ठेवणाऱ्या त्या अज्ञात माणसांना काय मोलाचे आहे हे कळले होते. आपल्या ज्युबिलीच्या करंड्यात आपण काय ठेवणार, एवढाच प्रश्न आहे. आमच्या मते त्यात आपली मुले ठेवावी: त्यांची प्रार्थना, त्यांची मराठी भाषा, त्यांचे शिक्षण, आणि शेजाऱ्यांशी त्यांचे प्रेमाचे नाते. पवित्र मरियेच्या मध्यस्थीने आणि संत गोन्सालोच्या प्रार्थनेने प्रभू येशू आपणां सर्वांस ती सुबुद्धी देवो, आणि पुढील ज्युबिलीस आपली नातवंडे याच अंगणात आनंदाने जमोत, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.